आर्थिक सुधारणा फळाला आली का, हे कसे पडताळावे

‘सुधारणांमुळे उत्पादकता वाढली’ हे वाक्य अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी जितक्या सहज छापले जाते, तितक्या सहज ते तपासता येत नाही. मात्र ते तपासणे तज्ज्ञांनाच जमेल असेही नाही. बेरीज, भागाकार, थोडा संयम आणि केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने व रिझर्व्ह बँकेने विनामूल्य उपलब्ध करून दिलेले चार-पाच तक्ते एवढ्या सामग्रीवर अर्थशास्त्राचा विद्यार्थी, तालुक्याच्या गावचा वार्ताहर किंवा लहानसा कारखानदार आपला निष्कर्ष स्वतः काढू शकतो. पुढील विवेचन भारताच्या १९९१ नंतरच्या अनुभवावर आधारलेले आहे आणि त्यातील साऱ्या पायऱ्यांमागे एकच प्रश्न आहे : सुधारणेनंतर काम करणारा माणूस कोठून कोठे गेला, आणि तेथे त्याच्या हातून पूर्वीपेक्षा अधिक मूल्य निर्माण होऊ लागले का? राष्ट्रीय उत्पन्नवाढीचा दर, शेअर बाजाराचा निर्देशांक किंवा परकीय गुंतवणुकीचे करार यांतून या प्रश्नाचे थेट उत्तर मिळत नाही.

अडथळा आणि तारीख

पहिल्यांदा सुधारणेचे नाव बाजूला ठेवून तिने कोणता अडथळा हटवला, हे एका वाक्यात लिहावे. हे वाक्य लिहिता आले नाही तर पुढचे गणित करण्यात अर्थ नसतो. उदाहरणार्थ, २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने अठरा उद्योग वगळता बाकीच्या उद्योगांवरील परवान्याची अट काढून टाकली. त्यापूर्वी १९५१ च्या कायद्यानुसार कारखान्याची क्षमता सरकार ठरवत असे आणि मंजूर क्षमतेपेक्षा जास्त माल काढणे हा पराक्रम नसून कायदेभंग ठरत असे. आकुर्डीत तयार होणाऱ्या स्कूटरसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे, याचे कारण कामगारांच्या आळसात नव्हते, ते या परवान्यात होते. येथे वाक्य स्पष्ट आहे : ‘मागणी असूनही क्षमता वाढवण्यास असलेली बंदी उठली.’ त्यावरून काय मोजायचे तेही आपोआप ठरते. परवानामुक्त झालेल्या उद्योगांत नवे उत्पादक आले का, जुन्यांनी क्षमता वाढवली का, आणि माणशी उत्पादन वाढले का, एवढेच पाहायचे.

त्याच कागदावर, त्या सुधारणेने ज्याला हात लावला नाही, तेही लिहून ठेवावे. १९९१ मध्ये परवाने गेले, रुपयाचे अवमूल्यन झाले, आयातशुल्क उतरणीला लागले. पण लघुउद्योगांसाठीचे वस्तूंचे आरक्षण, शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची सक्ती, राज्य वीज मंडळांची तोट्याची घडी आणि जमीन मिळवण्यातील अडचणी जशाच्या तशा राहिल्या. पुढे जेव्हा ‘सुधारणा होऊनही कारखानदारी का वाढली नाही’ असा प्रश्न येतो, तेव्हा निम्मे उत्तर या दुसऱ्या यादीत सापडते.

तारखेच्या बाबतीत मात्र अनेकांची फसगत होते. एका सुधारणेला निदान तीन तारखा असतात : ती जाहीर झाल्याची, ती कायद्याने लागू झाल्याची आणि प्रत्यक्ष कारखान्याच्या दारात पोहोचल्याची. कामगारविषयक जुने कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहितांपैकी वेतनसंहिता संसदेने २०१९ मध्ये आणि उरलेल्या तीन २०२० मध्ये मंजूर केल्या. त्या अमलात आल्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधल्या पाच वर्षांतील कोणत्याही आकड्याचे श्रेय किंवा खापर या संहितांवर फोडणाऱ्या लेखांची संख्या कमी नाही. दिवाळखोरी संहितेचेही तसेच झाले. २०१६ च्या कायद्यात प्रकरण निकाली काढण्यासाठी १८० दिवस आणि वाढीव ९० दिवस होते. २०१९ मध्ये दुरुस्ती करून एकूण मर्यादा ३३० दिवसांवर नेली, आणि तीही पुष्कळ प्रकरणांत पाळली गेली नाही. बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रे आणि जमीन दुसऱ्याच्या हाती जितक्या लवकर जाईल तितका उत्पादकतेचा लाभ मोठा, हे या कायद्यामागचे तर्कशास्त्र होते. म्हणून येथे तपासायचा आकडा वसुलीच्या टक्केवारीइतकाच लागलेल्या दिवसांचाही आहे.

उलाढालीच्या मागे लागू नये

उत्पादकता म्हणजे एका माणसामागे, आणि शक्य असेल तर त्याच्या एका तासामागे, निर्माण झालेले मूल्यवर्धन, म्हणजे मिळकतीतून कच्चा माल, वीज अशा बाहेरून घेतलेल्या गोष्टींचा खर्च वजा जाता उरलेले मूल्य. ही व्याख्या सर्वांना पाठ असते, तरी प्रत्यक्ष हिशेबात उलाढालच धरली जाते. हा फरक इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या उदाहरणाने जितका लवकर कळतो तितका पाठ्यपुस्तकातून कळत नाही. पुढील आकडे समजुतीसाठी गृहीत धरले आहेत.

समजा, चोवीस साध्या मागांचा एक खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणारा, कारखाना आहे. सूत व्यापाऱ्याचे, बीम (ताण्याच्या सुताचे रूळ) सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यातून, आलेले आणि मालकाला मिळते ती पिकांच्या (कापडातील आडव्या धाग्यांच्या) हिशेबाने मीटरमागे ठरलेली मजुरी. दोन पाळ्यांतील विणकर, जॉबर (मागांची दुरुस्ती पाहणारा), कांड्या भरणारी बाई आणि स्वतः मालक धरून नऊ माणसे आहेत. वर्षाची मजुरी २८ लाख रुपये आली आणि वीज, तेल, धोटे, सुटे भाग यांवर १० लाख गेले. मूल्यवर्धन १८ लाख, म्हणजे माणशी दोन लाख. आता पुढच्या वर्षी हाच मालक स्वतःचे सूत घेऊन स्वतःचे कापड विकू लागला. माग तेच, माणसे तीच, मीटरही तेवढेच. पण विक्री दीड कोटीच्या पुढे गेली. सूत, सायझिंग आणि इतर खर्च वजा केल्यावर मूल्यवर्धन २० लाख राहिले. उलाढालीवरून पाहणारा म्हणेल की कारखाना पाचपट मोठा झाला. प्रत्यक्षात माणशी मूल्यवर्धन दोन लाखांवरून सव्वादोन लाखांच्या आत आले, आणि ती वाढही विणकामातील कौशल्यापेक्षा व्यापाराच्या जोखमीचा मोबदला आहे. देशाच्या पातळीवर ‘निर्यात अमुक कोटींवर गेली’ अशी बातमी येते तेव्हा हाच प्रश्न विचारावा : त्या मालात आयात केलेल्या सुट्या भागांची किंमत किती, आणि येथे भरलेले मूल्य किती? मोबाइल फोनच्या जुळणीबाबत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे.

सवलतींनाही या हिशेबात जागा देऊ नये. यंत्रमागाच्या वीजदरात सरकारने सूट दिली तर मालकाच्या हातात चार पैसे अधिक उरतात, कदाचित कारखाना तगतोही. परंतु विणकराच्या हातून निघणारे मीटर तेवढेच राहतात. सवलत चांगली की वाईट हा वेगळा वाद आहे. तिला उत्पादकतावाढ म्हणणे चूक आहे, इतकेच येथे म्हणायचे आहे.

आता त्याच मालकाने साधे माग मोडीत काढून शटललेस (बिनधोट्याचे, वेगवान) माग बसवले असे धरू. माणशी मीटर एकदम वाढतील. पण ही वाढ माणसाची, यंत्राची की कारभाराची? येथे अर्थशास्त्रज्ञ एकूण घटक उत्पादकता ही कल्पना वापरतात आणि तिचा साधा हिशेब असा आहे. उत्पन्नातील भांडवलाचा वाटा निम्मा धरला आणि माणशी भांडवल १० टक्क्यांनी वाढले, तर त्यापोटी माणशी उत्पादन ५ टक्के वाढायलाच हवे. प्रत्यक्षात ते ६ टक्के वाढले असेल तर उरलेला १ टक्का हा चांगल्या व्यवस्थेचा, नव्या तंत्राचा किंवा हटलेल्या अडथळ्याचा. ते ४ टक्केच वाढले असेल तर पैसा ओतूनही कारभार बिघडला असे समजावे. रिझर्व्ह बँक ‘क्लेम्स’ या नावाने १९८०-८१ पासूनची अशी माहिती सत्तावीस उद्योगांसाठी प्रसिद्ध करते. त्यात भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल आणि सेवा यांचा वेगवेगळा हिशेब असतो. तांत्रिक शब्दांना न घाबरता तो तक्ता एकदा उघडून पाहावा, आपल्या परिचयाचा एक उद्योग निवडावा आणि त्याचीच रांग वाचावी. सत्तावीसही रांगा वाचणारा बहुधा काहीच वाचत नाही.

महागाई आधी वजा करावी

असंघटित बिगरशेती उद्योगांच्या वार्षिक सर्वेक्षणानुसार एका कामगारामागील मूल्यवर्धन २०२२-२३ मध्ये १,४१,७६९ रुपये होते आणि २०२३-२४ मध्ये १,४९,७४२ रुपये झाले. वाढ ५.६२ टक्के, आणि बातम्यांचे मथळेही त्याप्रमाणे आले. हे आकडे चालू किमतींचे, म्हणजे महागाई न वगळलेले, आहेत. त्याच काळात किरकोळ महागाई पाच टक्क्यांच्या आसपास होती, त्यामुळे खरी वाढ जेमतेम अर्ध्या-पाऊण टक्क्याची उरते. एका वजाबाकीने मथळा बदलतो, म्हणून ही वजाबाकी कधीही पुढच्या पायरीवर ढकलू नये.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत हा प्रश्न अधिक किचकट होतो. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत कारखानदारीच्या मूल्यवर्धनातून महागाई काढण्यासाठी प्रामुख्याने तयार मालाच्या घाऊक किमती वापरल्या गेल्या. कच्च्या मालाच्या किमती वेगळ्या काढल्या गेल्या नाहीत. खनिज तेल कोसळले की कच्चा माल स्वस्त होतो, मालकाचा नफा वाढतो आणि या पद्धतीत तो नफा उत्पादनवाढ म्हणून दिसू शकतो. तेव्हा ज्या वर्षी तेलाचे भाव जोरात खाली किंवा वर गेले, त्या वर्षाच्या कारखानदारीच्या दराकडे दुरूनच पाहावे आणि वीजवापर, सिमेंट, पोलाद, मालवाहतूक अशा मोजमापांशी तो पडताळून घ्यावा. पायाभूत वर्ष बदलल्यावर जुन्या मालिकेचा आकडा नव्या मालिकेच्या आकड्याशेजारी ठेवून वाढ काढण्याचा मोहही टाळावा.

माणूस हलला का

विकसनशील देशातील उत्पादकतावाढीचे सर्वांत मोठे भांडार कारखान्याच्या आत नसून दोन क्षेत्रांमधील दरीत असते. ही पायरी मन लावून करावी. भारतात २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार सुमारे ४६ टक्के काम करणारे शेतीत होते आणि देशाच्या मूल्यवर्धनात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास होता. एकूण माणसे १०० आणि एकूण उत्पन्न १०० एकके धरू. शेतीत ४६ माणसे १८ एकके निर्माण करतात, म्हणजे माणशी ०.३९. शेतीबाहेर ५४ माणसे ८२ एकके निर्माण करतात, म्हणजे माणशी १.५२. दरी जवळजवळ चौपट आहे. आता कोणत्याही क्षेत्रात तिळभरही सुधारणा झाली नाही, पण शेतीतील दहा माणसे सरासरी उत्पादकतेच्या बिगरशेती कामाला लागली असे समजा. शेतीत ३६ माणसे राहून १४.१ एकके निघतील, बाहेर ६४ माणसे ९७.२ एकके काढतील, बेरीज १११.३. माणसांच्या नुसत्या हलण्याने देशाचे उत्पन्न ११ टक्क्यांनी वाढले.

या गणितात दोन दुरुस्त्या करणे आवश्यक आहे आणि त्या उलट दिशांच्या आहेत. सरासरी शेतजमीन १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होती ती २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरवर आली. इतक्या लहान तुकड्यावर घरातील चार माणसे राबत असतील तर त्यांतील एक बाहेर पडल्याने पीक फारसे घटत नाही. म्हणजे फायदा ११ टक्क्यांहून मोठा असू शकतो. दुसरीकडे, बाहेर पडलेला माणूस माहिती तंत्रज्ञान कंपनीत जात नाही. तो बांधकामावर, हातगाडीवर किंवा नाक्यावरच्या दुकानात जातो, जेथील उत्पादकता १.५२ च्या कितीतरी खाली असते. म्हणून ‘शेती सोडली’ एवढे पाहून थांबू नये, ‘कोणत्या कामात गेला’ हेही त्याच सर्वेक्षणाच्या उद्योगनिहाय तक्त्यातून काढावे.

या कसोटीवर भारताचा आलेख पाहिला की १९९१ नंतरच्या सुधारणांचे बळ आणि मर्यादा एकदमच दिसतात. १९९३-९४ मध्ये सुमारे ६४ टक्के लोक शेतीत होते. २०१८-१९ पर्यंत ते प्रमाण साडेबेचाळीस टक्क्यांपर्यंत उतरले. मग टाळेबंदीच्या काळात ते २०२०-२१ मध्ये साडेशेहेचाळीस टक्क्यांवर चढले आणि त्यानंतर तीन वर्षांनीही फारसे खाली आले नाही. शेतीतून बाहेर पडण्याची दिशा उलटणे ही विकासाच्या इतिहासात गंभीर घटना मानली पाहिजे. तिच्यावर आपल्याकडे जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, असे माझे मत आहे. कारखानदारीतील कामगारांचे प्रमाण याच काळात ११-१२ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत राहिले. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने कारखानदारीचा उत्पन्नातील वाटा दहा वर्षांत २५ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले होते. ते गाठले गेले नाही.

येथे एक सावधगिरी. कामावर असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेले. यांतील पुष्कळ जणी घरच्या शेतात किंवा दुकानात विनावेतन मदतनीस म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. भागाकारातील खालचा आकडा असा वाढला की माणशी उत्पादकता घटलेली दिसते. ती घट खरी असेल, किंवा वर्षानुवर्षे राबणाऱ्या बाईची नोंद आता कोठे होऊ लागली असेल. हे ठरवण्यासाठी स्त्री व पुरुष यांचा हिशेब वेगवेगळा करून पाहावा आणि पुरुषांच्या हिशेबातही शेतीचा वाटा वाढला आहे का ते तपासावे.

कारखाना मोठा का होत नाही

क्षेत्र बदलले, पण माणूस दीड माणसाच्या दुकानातच राहिला, तर लाभ तुटपुंजा राहतो. वर उल्लेखिलेल्या असंघटित उद्योगांच्या सर्वेक्षणात २०२३-२४ मध्ये ७.३४ कोटी आस्थापना आणि १२.०६ कोटी कामगार होते, म्हणजे आस्थापनेमागे दोन माणसेही नाहीत. त्याच वर्षीच्या वार्षिक उद्योग पाहणीत नोंदणीकृत कारखान्यांत सुमारे १.९६ कोटी माणसे आणि २४.५८ लाख कोटी रुपयांचे मूल्यवर्धन होते. भागाकार केला तर माणशी साडेबारा लाख. असंघटित क्षेत्रात माणशी दीड लाख. तुलना काटेकोर नाही, कारण एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने आहेत आणि दुसऱ्या बाजूला पानपट्ट्या व शिवणकामाची दुकानेही. तरीही आठपटीचे अंतर केवळ यंत्रांमुळे पडत नाही.

हे अंतर धोरणानेही पोसले. लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवण्याचे धोरण १९६७ मध्ये ४७ वस्तूंपासून सुरू झाले आणि पुढे ही यादी आठशेच्या वर गेली. हेतू रोजगाराचा होता. परिणाम असा की तयार कपड्यांसारखा, हजारो हातांना काम देणारा उद्योग भारतात लहान राहण्यास बांधला गेला, तर बांगलादेशात त्याच उद्योगाचे अवाढव्य कारखाने उभे राहून निर्यातीत त्यांनी आपल्याला मागे टाकले. यादीतील शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये मुक्त झाल्या. त्यांत लोणची, पाव, मेणबत्त्या, आगकाड्या, अगरबत्ती आणि काचेच्या बांगड्या होत्या. मोठ्या कारखान्याने लोणचे घालू नये यासाठी देशाने इतकी दशके कायदा राबवला, हे आज सांगितले तर विद्यार्थ्यांना विनोद वाटतो.

आकाराची तपासणी करताना सरासरी पाहू नये. कारखान्यांचे कामगारसंख्येनुसार गट पाडून पाहावे. दहा, शंभर अशा श्रमसंहितांपूर्वीच्या कायदेशीर उंबरठ्यांच्या अलीकडे कारखान्यांची गर्दी आणि पलीकडे एकदम ओसाडी दिसली, तर कायदा टाळण्यासाठी लोक लहान राहत आहेत असा संशय घ्यावा. कंत्राटी कामगारांचे प्रमाणही सोबत पाहावे. संघटित कारखान्यांतील दर पाच कामगारांपैकी दोन आता कंत्राटी आहेत. पटावर माणसे न दाखवता काम करून घेण्याचा हा मार्ग उंबरठा ओलांडण्याची अडचण सोडवतो, मात्र जो कामगार उद्या येथे असेल की नाही याची खात्री नाही त्याला कौशल्य शिकवण्यात कोणता मालक पैसा घालेल?

सुधारणा सरकारनेच करायची असते हा समजही येथे तपासून घ्यावा. मुंबईजवळ तारापूर आणि उंबरगाव येथील सतरा कापड कंपन्यांच्या अठ्ठावीस कारखान्यांत २००८ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग सुरू केला. काही कारखान्यांना व्यवस्थापन सल्लागारांनी पाच महिने कामाची शिस्त घालून दिली, तर उरलेल्यांचे एक महिना नुसते निदान केले. शिस्त म्हणजे फार मोठे काही नव्हते : सुताच्या साठ्याची नोंद, हत्यारांच्या जागा, माग बंद पडण्यापूर्वीच त्याची देखभाल, कापडातील दोषांची रोज पाहणी अशा अडतीस साध्या गोष्टी होत्या. पहिल्याच वर्षात सल्ला मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. मग हे मालकांनी आधीच का केले नाही? पुष्कळांना या पद्धती ठाऊक नव्हत्या किंवा आपल्याकडे त्या लागू पडतील असे वाटत नव्हते. त्याहून बोलका निष्कर्ष असा की कंपनी किती मोठी होईल हे मालकाच्या कुटुंबातील कर्त्या पुरुषांच्या संख्येवर अवलंबून होते. बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती कारभार द्यायचा तर चोरी झाल्यास न्यायालयाकडून वेळेत दाद मिळेल याची खात्री हवी. ती नसेल तर भाऊ आणि मुलगे जितके, कारखाने तितकेच. म्हणजे दिवाणी न्यायालयातील तारखांचा प्रश्न हा उत्पादकतेचाही प्रश्न आहे. आपल्या गावच्या उद्योगाची पाहणी करताना ‘घरच्यांव्यतिरिक्त धनादेशावर सही कोण करतो’ हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर बरेच काही सांगून जाते.

श्रेय कोणाचे

एवढे आकडे जमल्यावर ‘सुधारणेपूर्वी’ आणि ‘सुधारणेनंतर’ असे दोन रकाने करण्याची घाई होते. वस्तू व सेवा कराचे उदाहरण घ्यावे. त्याने हटवलेला अडथळा मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिला आहे : मुलुंड, दहिसर येथील जकात नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा १ जुलै २०१७ नंतर संपल्या. ट्रक महिन्यात अधिक फेऱ्या करू लागला तर तीच गाडी आणि तोच चालक अधिक मूल्य निर्माण करतात, आणि ती निखळ उत्पादकतावाढ आहे. परंतु त्याआधी आठ महिन्यांच्या आत नोटाबंदी झाली होती, २०१८ मध्ये बिगरबँक वित्तसंस्थांचे संकट आले आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी. या गर्दीत २०१६ आणि २०२१ चे आकडे शेजारी ठेवून कराला श्रेय किंवा दोष देणे म्हणजे एकाच आठवड्यात चार औषधे घेऊन कोणत्या औषधाने ताप उतरला हे छातीठोकपणे सांगण्यासारखे आहे.

यावर उपाय असा की सुधारणा ज्यांना अधिक लागली आणि ज्यांना कमी लागली, अशा दोघांची तुलना करावी. १९९१ नंतर आयातशुल्क सर्व मालांवर सारखे उतरले नाही. काही मालांवर ते फार घटले, काहींवर थोडे. ज्या उद्योगांचा कच्चा माल व सुटे भाग अधिक स्वस्त झाले, त्यांनी नवी उत्पादने अधिक संख्येने बाजारात आणली, असे संशोधनात आढळले. अशा तुलनेत दुष्काळ, निवडणूक, जागतिक मंदी या दोन्ही गटांना सारख्याच लागलेल्या गोष्टी आपोआप बाजूला पडतात. राज्यांचीही अशी तुलना करता येते : राजस्थानने कामगारकपातीच्या परवानगीचा उंबरठा शंभरावरून तीनशेवर २०१४ मध्येच नेला, तेव्हा तेथील शंभर ते तीनशे कामगारांच्या कारखान्यांचे आकडे, ज्या राज्यांनी तसे केले नव्हते त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. जी सुधारणा मागे घेतली गेली तिच्याबाबत मात्र हा खटाटोप करू नये. २०२० चे कृषी कायदे २०२१ मध्ये रद्द झाले. त्यांचा परिणाम मोजायला काळच मिळाला नाही, आणि तरीही त्यांच्या यशाचे किंवा अपयशाचे आकडे कोणी सांगत असेल तर ती मतप्रदर्शनाची एक रीत समजावी.

श्रमसंहितांची वही

या पद्धतीने आज सुरू करण्याजोगे काम म्हणजे श्रमसंहितांची नोंद. वहीत पहिली तारीख २१ नोव्हेंबर २०२५ लिहावी आणि तिच्याखाली आपल्या राज्याचे अंतिम नियम लागू झाल्याची तारीख लिहिण्यास जागा सोडावी, कारण श्रम हा समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र व राज्ये या दोघांच्याही अखत्यारीतील, विषय आहे आणि नियमांशिवाय पुष्कळ तरतुदी लंगड्या राहतात. अडथळ्याचे वाक्य असे होईल : ‘तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपात, तात्पुरती कामबंदी किंवा कारखाना कायमचा बंद करण्यासाठी आता सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही.’ मग शंभर ते तीनशे कामगारांच्या गटातील कारखान्यांची संख्या, त्यांचे माणशी मूल्यवर्धन आणि त्यांतील कंत्राटी कामगारांचे प्रमाण, हे तीनच आकडे संहितांपूर्वीच्या शेवटच्या वर्षाचे टिपून ठेवावेत. राजस्थानसारख्या, आधीच उंबरठा वाढवलेल्या राज्याचे तेच आकडे शेजारी ठेवावेत.

याच संहितांनी विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीस कामगारांवर आणि विजेशिवाय चालणाऱ्याची वीसवरून चाळीसवर नेली आहे. वार्षिक उद्योग पाहणीची व्याप्ती आजवर कारखाना कायद्यातील व्याख्येवर बेतलेली होती. ती बदलली तर दहा ते वीस कामगारांचे कारखाने तक्त्यातून गळू शकतात आणि उरलेल्यांची सरासरी उत्पादकता, कोठेही काहीही न सुधारता, वर गेलेली दिसू शकते. म्हणून नवा अहवाल आल्यावर आकड्यांपूर्वी त्याचे व्याप्तीविषयीचे प्रकरण वाचावे. २०२३-२४ च्या पाहणीचे निष्कर्ष ऑगस्ट २०२५ मध्ये आले. तेवढाच उशीर पुढेही धरला, तर संहिता पूर्ण वर्षभर लागू असलेल्या पहिल्या आर्थिक वर्षाचे, म्हणजे २०२६-२७ चे, आकडे २०२८ च्या पावसाळ्यात हाती येतील. तोपर्यंत वहीतील उजवा, ‘सुधारणेनंतर’चा रकाना कोरा ठेवावा.